विसर्जनाला रेडिओचा आवाज तुटत होता, त्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू काल रात्री वाचला, आधी पोरांना त्या दिवसाचे लॉग काढायला लावले म्हणून उत्तराला आजचा दिवस उजाडला. तुम्ही लिहिलंय की ठाण्यात तलावपाळीवर विसर्जनाला आमच्याकडून भाड्याने नेलेले मेश रेडिओ (एकमेकांचा आवाज पुढे पुढे पोचवणारे) आपोआप एकमेकांना जोडून घेतात असं सांगितलं होतं, पण कार्यकर्ता गडकरी रंगायतनकडून कोपीनेश्वरकडे चालत निघाला की 10-15 सेकंद आवाज गायब. बरोबर आहे तुमचं, लॉगमध्येही तसंच दिसतंय.

झालं काय, आपल्या रेडिओंवर ओएलएसआर चालतं, म्हणजे कोणाचा आवाज कोणामार्फत पुढे जायचा तो रस्ता आधीच ठरवून ठेवायची पद्धत. त्यात प्रत्येक रेडिओ दर 2 सेकंदाला शेजाऱ्यांना हॅलो पाठवतो आणि कोण कोणाला जोडलंय ही खबर दर 5 सेकंदाला सगळीकडे फिरते. शेजारी लांब गेला तरी लगेच कळत नाही, 6 सेकंद त्याचा हॅलो आला नाही की मगच तो गेला असं धरतात, तोवर तुमचा आवाज त्याच्याच नावाने हवेत जात राहतो, आणि पुढे नवा रस्ता सगळ्यांना कळेपर्यंत अजून वेळ जातो. हे आकडे 2003 च्या आरएफसी 3626 मधले, म्हणजे ओएलएसआरच्या नियमांच्या कागदातले आहेत, एका जागी ठेवलेल्या रेडिओंना चालून जातात, पण हातात रेडिओ घेऊन गर्दीत फिरणाऱ्या माणसासाठी हॅलो लवकर लवकर पाठवायला हवे होते आणि ते सेटिंग आम्ही बदललंच नाही. चूक आमची.

त्याऐवजी एओडीव्ही (रस्ता शोधायची दुसरी पद्धत) टाकलं असतं तर भागलं असतं, असं तुम्ही म्हणता, हे मात्र पटत नाही. ते गरज पडली की मगच रस्ता शोधतं, त्यामुळे शांत असताना हवा मोकळी राहते हे खरं, पण रस्ता तुटला की पुन्हा सगळ्यांना विचारत सुटतं, आणि इथे तर सगळेच फिरतायत, सगळेच बोलतायत.

याच रेडिओंवरून चित्र पाठवणारा कॅमेराही अडकत होता असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण वेगळं. एकच रेडिओ एकाच चॅनेलवर घेतो आणि पुढेही देतो, म्हणून दर टप्प्याला स्पीड साधारण निम्मा होतो, त्यात माणसाच्या अंगातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी शोषून घेतं. दोन रेडिओ उंच खांबावर लावायला हवे होते, निदान तुम्हाला आधी सांगायला तरी हवं होतं.

निम्मं भाडं परत करतोय. नवरात्राआधी एका संध्याकाळी, गर्दीच्या वेळेलाच, तलावाला पूर्ण फेरी मारून बघू, त्याचे पैसे नाहीत, तुमचे दोन कार्यकर्ते सोबत द्या.