झाकण कुणी उघडलं?

नवा कॅमेरा घेतला तो जुने फोटो यावेत म्हणून. हे वाक्य दुकानात बोलताना काही वाटलं नव्हतं. घरी बायकोसमोर बोलल्यावर वाटलं. कॅमेऱ्यावर एक चकती आहे. ती फिरवली की फोटो तपकिरी होतो, कोपरे काळवंडतात, वर दाणे उमटतात आणि एका कडेने तांबूस उजेडाचा पट्टा येतो.

आमच्या घरात या पट्ट्याला इतिहास आहे. १९९१ साली महाबळेश्वरला धाकट्या काकांनी "किती उरलेत बघू" म्हणत, फिल्मचा रोल गुंडाळायच्या आधीच कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि उजेड आत शिरला. छत्तीसपैकी नऊ फोटो वाचले, आणि त्या नऊंवरही हा पट्टा आहेच. त्यानंतर काकांच्या हातात कुणी कॅमेरा दिला नाही. मी त्याच पट्ट्याचे रोख पैसे मोजले होते.

तर हे यंत्र घेऊन जपानमधल्या क्योतोला गेलो. ७९४ साली राजधानी झालेलं आणि पुढे हजारावर वर्षं ते पद सांभाळलेलं शहर. म्हटलं, इथे तरी जुनं शोधत हिंडायला नको. जुनं जागच्या जागी होतंच, पण त्याच्या पुढ्यात कायम काहीतरी नवं उभं. सुरेख लाकडी जाळीचं घर दिसावं, तर दाराशी थंड पेयांचं यंत्र, ऑपरेशन थिएटरसारखं लखलखीत. चकती फिरवली की तेही तपकिरी होतं आणि आजीचं धान्याचं कपाट रस्त्यात आणून ठेवल्यासारखं दिसतं.

यासाका पॅगोडासाठी पहाटे साडेपाचला पोहोचलो. ४६ मीटर उंच, सध्याची इमारत १४४० सालची. तिच्यापुढे पांढऱ्या झग्यातली एक नवरी, सूटमधला जांभया देणारा नवरा आणि त्यांचा फोटोग्राफर. चाळीस मिनिटं थांबलो. ते गेले, आणि दुसरी नवरी आली.

सान्नेनझाका नावाची दगडी पायऱ्यांची उतरती गल्ली आहे. इथे पडलं तर माणूस तीन वर्षांत जातो, अशी समजूत. ही माहिती बायकोने मोबाइलवर मोठ्याने वाचली तेव्हा मी डोळ्याला कॅमेरा लावून उलटा पायऱ्या उतरत होतो. "कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत," ती म्हणाली, "बघून चाल."

आणि तिथेच तो क्षण आला. किमोनो घातलेल्या दोघीजणी, पाठमोऱ्या, तुरुतुरु पावलं, वर कौलारू छपरं, नवरी-नवरा कुणी नाही. श्वास रोखून बटण दाबलं. शंभर वर्षांपूर्वीचा जपान पडद्यावर उमटला. तेवढ्यात डावीकडचीने लाकडी चप्पल काढून हातात घेतली आणि म्हणाली, "अगं, अंगठ्याची पार वाट लागलीय. परत कधी द्यायचेत गं हे कपडे?" दोघी ठाण्याच्या निघाल्या. भाड्याचा किमोनो इथे गल्लोगल्ली मिळतो. बायकोने त्यांना पर्समधलं बँडेड दिलं; मी फोटो दाखवला नाही.

गिऑन या गेइशांच्या जुन्या वस्तीत मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवला. तिथल्या खासगी बोळांत फोटो काढल्यास दहा हजार येन, असे फलक आहेत. आणि खरं सांगू का, चकतीची तिथे गरजही नव्हती. क्योतोने २००७ साली नियम करून इमारतींची उंची आवरली, गच्चीवरच्या आणि उघडझाप करणाऱ्या जाहिराती काढायला लावल्या. एरवी भडक दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्याही इथे खाली मान घालून, तपकिरी रंगात उभ्या असतात. म्हणजे शहरानेच स्वतःची चकती फिरवून ठेवलेली. मी तिच्यावर दुसरा हात मारत होतो.

रात्री हॉटेलात बसून निवडक बावीस फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. आईचं उत्तर लगेच आलं. "बुरशी लागलीय का रे कॅमेऱ्याला? तांदळाच्या डब्यात ठेव." मावशीने विचारलं, तिकडे फार धूळ आहे का. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

साडेअकराला धाकटे काका टाइप करताना दिसले. कधी एका शब्दापलीकडे न लिहिणारा माणूस, चांगली पाच मिनिटं टाइप करत होता.

"मागचं झाकण," काकांनी लिहिलं होतं, "कुणी उघडलं?"