हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे

"पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की डोळे झाकून घ्या, त्यात प्राणिजन्य काहीच नसतं," असा मजकूर व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्या मंडळींत फिरतोय. तो चुकीचा आहे. हिरवा ठिपका ही फक्त शाकाहाराची खूण. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्न नियामक संस्थेच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि शेलॅक (लाखेच्या किड्यांपासूनची राळ) हे मांसाहारात धरलेलं नाही, म्हणून ते हिरव्या ठिपक्याखाली चालतं. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन मात्र चालत नाही.

खरी फसगत दुधाची होते, आणि तिचंच मला जास्त वाईट वाटतं. मसाला चिप्समधले 'मिल्क सॉलिड्स', बिस्किटातली 'व्हे पावडर', 'नॉन-डेअरी' म्हणवणाऱ्या कॉफी क्रीमरमधलं 'सोडियम केसिनेट' ही सगळी दुधाचीच रूपं. घाईत असाल तर घटकांच्या यादीखालची अ‍ॅलर्जीची सूचना आधी वाचा. दूध वापरलं असेल तर तिथे सांगावंच लागतं. खायच्या चकचकीत गोळ्यांच्या घटकयादीत ९०१ हा क्रमांक म्हणजे मधमाश्यांचं मेण, ९०४ म्हणजे शेलॅक.

व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांचं चिन्ह म्हणजे हिरवं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्याला छोटं पान. ते नसलं म्हणून पदार्थ बाद होत नाही. साध्या तूरडाळीच्या पाकिटावर ते सहसा नसतंच.