३ लिटरच्या अल्ट्रासॉनिक क्लीनरवरच्या २ स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे पाण्यातल्या कंपनांनी वस्तू धुणारं मशीन, यावरचा तुमचा रिव्ह्यू आणि सोबतचे फोटो पाहिले. तक्रारी चार आहेत. जुन्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर अर्धा तास ठेवूनही ग्रीस निघालं नाही, उलट बॉडी काळी पडली. आईंच्या नथीचे मोती निस्तेज झाले. चांदीचा करंडा होता तसाच काळा राहिला. आणि ‘हीटर नावालाच आहे’. यातल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मशीनसोबत दिलेली लिक्विडची बाटली लोखंड आणि स्टीलसाठीची होती, म्हणजे अल्कलाइन (सोड्यासारखी). कार्बोरेटर धुवायचाय हे तुम्ही काउंटरवर सांगितलं होतं, तेव्हाच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) लिक्विड द्यायला हवं होतं. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि या दोन्ही धातूंना अल्कली खाते. त्यावर ग्रीस निघेना म्हणून तुम्ही दोन चमचे धुण्याचा सोडा घातलात, तोही अल्कलीच, मग तर काळं पडणारच होतं. सध्याचा काळेपणा वरवरचा आहे, त्यानं गाडी चालायला अडचण येत नाही. पॉलिश पेपर मात्र मारू नका, विशेषतः खालचा बाऊल जिथे बसतो त्या कडेवर. कड उंचसखल झाली की पेट्रोल गळायला लागतं. गरम पाण्यानं दोनदा धुवून प्रत्येक भोकातून हवा मारा. न्यूट्रल लिक्विडची बाटली आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत.

दुसरी चूक खोक्याची. त्यावर हार-अंगठ्यांची चित्रं आहेत, मोत्यांबद्दल एक अक्षर नाही. वस्तू आम्ही विकली, तर सांगणंही आमचंच काम होतं. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर, गरम पाणी आणि कंपनं त्यांना सोसत नाहीत. गेलेली झळाळी परत येत नाही, त्यामुळे सराफाकडून मोती बदलून घ्या आणि पावती आणा, खर्च आम्ही देऊ. पोवळं, पाचू, फिरोजा, ओपल आणि चिकटवलेले खडे यांनाही हे मशीन वर्ज्य. पाचूच्या बारीक भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते निघून गेलं की भेगा उघड्या पडतात.

आता ग्रीस. इथे मशीनचा दोष आम्हाला दिसत नाही. तळाखालचे ट्रान्सड्यूसर सेकंदाला ४०,००० वेळा थरथरतात, त्यानं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि तो धक्का मळ सुटा करतो. जिथे ब्रश जात नाही अशा बारीक छिद्रांत हे मशीन कामाचं, पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल जाणारी बारीक भोकाची नळी, हे त्याचं उत्तम उदाहरण. पण ग्रीसचा जाड थर गादीसारखा असतो, धक्का त्यातच जिरतो. ग्रीस सोडवण्याचं काम लिक्विडचं, मशीन फक्त त्याला आत पोचवतं. म्हणून जाड ग्रीस आधी हातानंच काढायचं: लाकडी काडीनं खरवडा, जुन्या टूथब्रशनं थोडं डिझेल लावून घासा, मग भांड्यांच्या लिक्विडनं धुवा. डिझेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय पार्ट मशीनमध्ये नको.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘पुढच्या वेळी पेट्रोलच टाकून बघतो.’ कृपा करून हे करू नका. पेट्रोल, थिनर, रॉकेल यातलं काहीही टाकीत नको, थेंबभरही नको. टाकी गरम होते, वाफ वर येते आणि खाली विजेचं सर्किट आहे. भडका उडायला एक ठिणगी पुरते.

कार्बोरेटर पूर्ण खोलूनच टाका. फ्लोट, नीडल, ओ-रिंग, गॅस्केट बाहेर ठेवा. एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत फिरवत तळाला टेकवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, नाहीतर बसवताना गाडीचं आयडलिंग जुळवत बसाल. आतली टाकी साधारण २४ × १३.५ × १० सेंटिमीटर आहे, त्यामुळे बॉडी आणि बाऊल वेगवेगळे लावा. फोटोत कार्बोरेटर थेट तळावर ठेवलेला दिसतो, तसं करू नका. वजनानं कंपन दबतं आणि स्टीलच्या पातळ पत्र्याला चरे पडतात. बास्केटमध्ये मावत नसेल तर तारेनं टांगा, तळापासून २-३ सेंटिमीटर वर. पार्ट पूर्ण बुडाला पाहिजे, आणि टाकी रिकामी असताना मशीन कधीच चालू करू नका, ट्रान्सड्यूसर जळतात. अडीच लिटर पाण्याला ४०-५० मिली न्यूट्रल लिक्विड पुरतं.

टाकीत पाणी-लिक्विड भरल्यावर, पार्ट टाकण्याआधी मशीन ५ ते १० मिनिटं रिकाम्या बास्केटवर चालवा. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती निघेपर्यंत धक्का मऊ लागतो. हे बहुतेक जण गाळतात. मग १० मिनिटं, पार्ट उलटा, परत १० मिनिटं. सलग अर्धा तास एकाच बाजूनं ठेवण्यात काही हशील नाही. जेट वेगळे धुवायचे तर काचेच्या छोट्या ग्लासात लिक्विडसह ठेवून तो ग्लास टाकीतल्या पाण्यात सोडा. काचेतून कंपनं जातात, मऊ प्लास्टिकमध्ये दबतात. लोखंडी पार्ट असेल तर धुतल्या धुतल्या पुसून तेल लावा, गरम पाण्यातून निघालेल्या उघड्या लोखंडाला पाहता पाहता गंज धरतो.

हीटर १०० वॉटचा आहे. अडीच लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला त्याला हिशोबानं ५० मिनिटांहून जास्त लागतात. नाशिकच्या थंडीत पाणी १५ अंशांवर असेल तर सव्वा तास धरा. हीटर तापमान टिकवायला आहे, पाणी तापवायला नाही. गीझरचं गरम पाणी ओता. ५० ते ६० अंश पुरे. उकळीच्या जवळ नेलं तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि जोर उलट कमी होतो. बोअरचं पाणी असेल तर सुकल्यावर पांढरे डाग राहतात, नळाचं वापरा.

करंड्याचा काळेपणा मळ नाही, चांदीचा गंधकाशी झालेला संयोग आहे. तो धक्क्यानं निघत नाही. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, करंडा त्याला टेकवून ठेवा, १ लिटर गरम पाणी, १ मोठा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, ५ मिनिटं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बरोबर चाललंय. हे मशीनच्या टाकीत नको, मीठ स्टीलला खड्डे पाडतं. नक्षीत मुद्दाम काळं भरलेलं काम असेल तर हा उपायही नको.

निफाड-दिंडोरीकडून फवारणीच्या ब्लोअरचे नोझल धुण्याबद्दल बरेच विचारतात, त्यांनीही वाचावं म्हणून इथेच लिहितो: बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचा) चुना साबणाच्या लिक्विडनं निघत नाही. नोझल खोलून काचेच्या ग्लासात १ लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिडचं पाणी घ्या, ग्लास टाकीतल्या पाण्यात सोडून ५ मिनिटं चालवा, लगेच धुवा. पितळी नोझल जास्त वेळ ठेवू नका. आणि हे पाणी कार्बोरेटरला अजिबात नको, जस्त विरघळतं.

तरीही मशीन कमजोर वाटत असेल तर घरीच तपासा. स्वयंपाकघरातल्या फॉइलची पट्टी उभी धरून टाकीत मधोमध सोडा, बोट पाण्यात न घालता, १ मिनिट. पट्टीवर सगळीकडे बारीक भोकं आणि खड्डे पडले पाहिजेत. एखादी अख्खी बाजू कोरी राहिली तर तिकडचा ट्रान्सड्यूसर गेलेला असू शकतो, तसं निघालं तर वॉरंटीत मशीन बदलून देऊ. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोन पिनांचा ॲडॉप्टर काढा, अर्थिंगच्या तीन पिनांच्या सॉकेटवरच लावा.

सोमवार सोडून कधीही या. कार्बोरेटर आणा, समोरच धुवून दाखवू, आणि येताना फॉइलची पट्टी व बास्केटही घेऊन या.