आपल्या खिडकीखाली उभ्या असलेल्या टँकरमध्ये काय भरलंय?

१३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. चार जण गेले. बातमी अनेकांना आठवत असेल, पण त्यातली एक गोष्ट लवकर विसरली गेली. पेटलेलं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि त्या रस्त्याने दुचाकीवरून चाललेली माणसं त्यात सापडली. त्यांचा एक्सप्रेसवेशी काही संबंध नव्हता, टँकरशी तर नव्हताच. डोक्यावर काय चाललंय हे कळायलाही त्यांना वेळ मिळाला नाही.

मी केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम करतो आणि पनवेल-कळंबोली पट्ट्यात राहतो. आमच्या सोसायटीमागच्या सर्व्हिस रोडवर रोज रात्री टँकर मुक्कामाला असतात. अगदी कुंपणाला लागून. मुलं संध्याकाळी त्यांच्याच आडोशाने क्रिकेट खेळतात. विचारलं की लोक म्हणतात, "अहो, वर्षानुवर्षं उभे राहतात, काही झालंय का आजवर?" या उत्तराची मला फार भीती वाटते.

कारखान्यात घातक रसायन ठराविक साठ्याच्या वर ठेवायचं तर १९८९ च्या नियमांनुसार कंपनीला आपत्कालीन आराखडा करावा लागतो. कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी जिल्हा प्रशासनाचा वेगळा आराखडा असतो. सायरन असतो, मॉक ड्रिल होतं, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी सॉक असतो. हे सगळं कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, यावर मी तासभर बोलू शकतो, पण निदान कागद तरी आहे. तोच माल टँकरमध्ये भरून गेटबाहेर पडला की सरकारदरबारी त्याचं नुसतं एक वाहन होतं. ते कुणाच्या खिडकीखाली रात्र काढणार, हे ना महापालिकेला माहीत, ना फायर ब्रिगेडला, ना तिथे राहणाऱ्यांना.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री ग्रुपवर मेसेज आला की मागच्या बाजूला धूर दिसतोय, डोळे चुरचुरतायत. खाली गेलो. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा टँकर होता. मागच्या व्हॉल्व्हच्या फ्लँजमधून, म्हणजे पाइपच्या जोडातून, धार नाही, नुसतं ठिबकत होतं. क्लीनरने खाली अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम लावला होता, तो भरून वाहत होता आणि खालच्या पेव्हर ब्लॉकवर पांढरा फेस येत होता. दमट हवेत वाफ जमिनीलगत पसरत होती, पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. सोसायटीतले दोघे-तिघे मदत म्हणून बागेचा पाइप घेऊन धावत आले होते आणि सगळं धुऊन गटारात लोटायच्या तयारीत होते. त्यांची भावना चांगली होती. पण ते पाणी जाणार कुठे? त्या गटारात आणखी कुणी काय सोडलंय, कुणाला ठाऊक होतं? ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "साहब, गास्केट गया है. सुबह कंपनी का गेट खुलेगा, तब खाली होगा." गास्केट म्हणजे त्या जोडातली गळती अडवणारी चकती. घाबरलेला नव्हता तो. त्याच्यासाठी हे रोजचंच होतं. हातात ग्लोव्हज नाहीत, पायात स्लीपर.

फायर ब्रिगेड आली, वाळू टाकली, दुसरी गाडी मागवून माल उतरवला. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच जागी दुसरा टँकर येऊन उभा राहिला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: टँकरच्या मागची आणि बाजूची पाटी वाचायला शिका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२९ पासून १३७ पर्यंतचे नियम याच मालाच्या वाहतुकीबद्दल आहेत. पाटीवर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन नंबर (त्या रसायनाचा जगभर एकच असलेला क्रमांक), हॅझकेम कोड (आग किंवा गळती झाली तर काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरांची खूण), धोक्याचं चौकोनी चिन्ह आणि फोन नंबर असलाच पाहिजे. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे एलपीजी, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक, १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. हॅझकेम कोडच्या शेवटी इंग्रजी ई अक्षर असेल तर त्याचा अर्थ असा की गळती झाली तर आजूबाजूच्या लोकांना हलवायचा विचार करावा लागेल. हे अक्षर पाटीवर लिहिलेलं असतं आणि त्याच पाटीला टेकून पोरं स्टंप लावतात. पाटी पुसलेली असेल, चिखलाने झाकलेली असेल किंवा आत एक माल आणि पाटी दुसऱ्या मालाची असेल, तर तो गुन्हा आहे. फायर ब्रिगेडला फोन करताना तुम्ही फक्त "वास येतोय" म्हणण्याऐवजी ते चार आकडे सांगितलेत, तर येणारी माणसं योग्य तयारीने येतील. मात्र पाटी लांबून वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, जवळ जाऊ नका.

घराजवळ टँकर फुटला तर काय होतं हे केरळातल्या कन्नूरजवळच्या चालामध्ये २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री दिसलं. एलपीजीचा टँकर दुभाजकावर आदळून उलटला, गॅस रस्त्यालगतच्या घरांमध्ये शिरला आणि पेटला. वीस माणसं गेली, त्यातली कितीतरी स्वतःच्या घरातली. जयपूरजवळ भांक्रोट्याला २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे एलपीजी टँकरला ट्रक धडकून आग भडकली, तेही आपण टीव्हीवर पाहिलं. एका एलपीजी टँकरमध्ये सतरा-अठरा टन गॅस असतो, म्हणजे आपल्या घरचे साधारण बाराशे सिलिंडर. आपल्या कोकणातही मुंबई-गोवा महामार्गावर हे टँकर सतत धावतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारी पुलावरून एक टँकर थेट काजळी नदीत कोसळला, ड्रायव्हर गेला आणि महामार्ग एक दिवसाहून जास्त बंद राहिला. नदीकाठच्या लोकांचं नशीब, की गॅस पेटला नाही. नशिबावर किती वर्षं काढणार?

आणि अपघात निदान अपघात तरी असतो. मला जास्त चीड येते ती मुद्दाम ओतण्याची. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना रात्री श्वास घेता येईना. ६ जानेवारी २०२२ ला सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरने नाल्यात रसायन सोडलं. शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले. तपासात निघालं की तो माल तळोज्याच्या एका कारखान्यातून गेला होता. आमच्या शेजारून. सांडपाण्यावर रीतसर प्रक्रिया करायला पैसे पडतात, रात्रीच्या अंधारात नाल्यात सोडायला एका फेरीचं भाडं पुरतं, एवढं साधं गणित आहे. एका टँकरने आम्लाचा कचरा सोडला आणि त्याच नाल्यात दुसऱ्याने सल्फाइडचा सोडला, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाक तो वास ओळखेनासं होतं. लोकांना वाटतं, वास गेला, चला झोपू. तिथेच घात होतो.

२०१६ आणि २०२४ मध्ये डोंबिवलीत स्फोट झाले, माणसं मेली, तेव्हा सगळी चर्चा कारखाने हलवण्याची झाली. जरूर हलवा. पण बंदरातून उतरणारा कच्चा माल नव्या जागीही टँकरनेच जाणार, आणि अंतर वाढलं तर वाटेतली वस्तीही वाढणार. त्याबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही.

ड्रायव्हरला शिव्या देऊन काही होणार नाही. रात्री अकराला तो पोचतो, कंपनीचं गेट बंद, आत घेत नाहीत. सोळा तास गाडी चालवलेल्या माणसाने जायचं कुठे? जिथे चहा आणि संडास मिळतो तिथेच तो थांबतो, आणि ती जागा आपल्या इमारतीमागची असते. ज्या कंपनीने माल मागवला तिने गाडी स्वतःच्या आवारात उभी करून घेतली पाहिजे. एमआयडीसीने वस्तीपासून लांब टँकरसाठी तळ करावा. तिथे आंघोळीची, झोपायची सोय असावी आणि चोवीस तास फायरची गाडी. ट्रक टर्मिनलला जागा मिळते, मग याला का नाही?

तोवर घरात प्रत्येकाला एवढं ठाऊक असू द्या. उग्र वास आला तर बघायला खाली उतरू नका. दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, तो खाली साचतो, तेव्हा तळमजल्यावरच्यांनी वर जावं. बाहेर सापडलात तर नाकावर ओला रुमाल धरून वाऱ्याच्या दिशेला काटकोनात, म्हणजे आडवं चाला. एलपीजी असेल तर गाडी चालू करू नका, घरातल्या बटणाला हात लावू नका. ॲसिडवर स्वतःहून पाणी मारू नका. ११२ किंवा १०१ ला फोन करा आणि पाटीवरचे आकडे सांगा. सांडलेलं पेट्रोल-डिझेल भरायला डबे घेऊन जाणाऱ्यांना तर हाताला धरून मागे ओढा.

आमच्या बाजूच्या सोसायट्या मिळून वाहतूक पोलीस, महापालिका, एमआयडीसी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय अशा चौघांना एकच अर्ज देतोय. मागण्या दोनच: सर्व्हिस रोडवर घातक मालाच्या टँकरला रात्री बंदी, आणि पर्यायी तळाची लेखी तारीख. सोबत तारीख-वेळेसकट पाटीचे फोटो जोडायचे आहेत. कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा भागात राहणाऱ्यांनी आपल्या इमारतीजवळचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. त्यात ड्रायव्हरचा चेहरा नको, फक्त पाटी आणि जागा दिसू द्या. रविवारी सकाळी दहाला आमच्या क्लब हाउसमध्ये अर्जावर सह्या घेतोय.