धुरीनं इसब बरा होतो म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की बेळगाव-खानापूर भागातल्या भिशीच्या आणि भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: मुलांचा एक्झिमा, म्हणजे इसब, हा कातडीचा रोगच नव्हे, तो घरातल्या खराब हवेचा आहे. स्टेरॉइडचं मलम आजच बंद करा. तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून गोवरी, कडुनिंब, कापराची धुरी द्या. खोबरेलात कापूर घालून अंगाला चोळा. हवा शुद्ध करायला खोलीत स्नेक प्लांट, म्हणजे उभ्या लांब पानांचं शोभेचं झाड, ठेवा. एकवीस दिवसांत कातडी स्वच्छ!

निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याच्या आडून नेमका उलटा उपाय गळ्यात मारलाय.

"रोग हवेचा आहे." हवेनं इसब चिघळतो, हे मान्य. मूळ मात्र कातडीतच असतं. फिलॅग्रिन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध 2006 साली सिद्ध झाला. हे प्रथिन कमी पडलं की कातडीत ओल टिकत नाही आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. सगळ्याच मुलांत हा दोष सापडत नाही, पण कातडीचा बांध कच्चा असतोच. म्हणून तर एकाच घरात वाढणाऱ्या दोन भावंडांतलं एकच रात्रभर कोपराची लवण खाजवत बसतं. हवेचा वाटा केवढा? दुसऱ्यांच्या विडी-सिगारेटच्या धुराचा इसबाशी संबंध तपासणारे अभ्यास 2016 साली एकत्र मांडले गेले, तेव्हा धोका वाढलेला दिसला, पण थोडासाच.

आपल्याकडची हवा बघायची तर निपाणीकडं विड्या वळणाऱ्या घरात जा. मांडीवर सूप, सुपात जर्दा, म्हणजे विडीची तंबाखू, आणि हातभरावर बाळाचं अंथरूण. ती भुकटी अंथरुणात बसते. खाजऱ्या कातडीला तेवढं निमित्त पुरतं. बेळगावच्या वडगाव-खासबागेत विणकरांच्या मागाच्या खोलीत सुताचे तंतू उडतात. जांबोटी-कणकुंबीकडं आषाढात भिंतींना ओल येते, बुरशी धरते, दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. मजुरी सोडा असं सांगणं सोपं आहे, मी सांगणार नाही. सूप पडवीत घ्यावं, हात धुऊनच मूल उचलावं, उघडीप मिळाली की अंथरूण उन्हात टाकावं, एवढं जमण्यासारखं आहे.

"धुरीनं हवा शुद्ध होते." इथंच मेसेज स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. हवा वाईट म्हणायची आणि तिच्यात धूर सोडायचा! निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, उदाचा खडा पडला की वास छान सुटतो, पण डोळे कशानं चुरचुरतात? जळणातून निघणारे बारीक कण आणि वायू यांनीच. 2.5 मायक्रॉनहून बारीक अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली दिवसभराची मर्यादा घनमीटरला सरासरी 15 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बंद खोलीतला गोवरीचा धूर ती कुठच्या कुठं मागं टाकतो. मच्छर कॉइलही त्याच जातीची: 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण निघाले होते. शिवाय दारं लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. आज्जींना हे सांगणं अवघड, ठाऊक आहे. बाळाला धुरी दिल्याशिवाय त्यांचं मन भरत नाही. मग ऊद देवापुढं जाळावा, खिडकी उघडी ठेवावी आणि बाळाला दुसऱ्या खोलीत न्यावं.

"खोबरेलात कापूर." नुसतं खोबरेल ठीक, फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. कापूर मात्र खरवडलेल्या कातडीतून रक्तात जातो, आणि लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात. अजिबात नको.

"स्टेरॉइड बंद करा." ही भीती उगाच आलेली नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि स्टेरॉइड सगळं एकात कोंबलेली क्रीम महिनोन्‌महिने चोपडून कातडी पातळ झालेली माणसं गावोगाव आहेत. पण डॉक्टरनं मुलाच्या वयाला बेतून दिलेलं सौम्य मलम ठरल्या दिवसांपुरतं लावणं ही वेगळी गोष्ट. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. घाबरून तीळभर लावलं की गुण येत नाही, आणि मग मलमालाच बोल लागतो. आंघोळीनंतर लगेच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर मात्र रोज हवं, कातडी बरी दिसली तरी.

स्नेक प्लांट शोभेला ठेवा. झाडं हवा शुद्ध करतात हे ज्यावरून सांगतात, तो 1989 सालचा नासाचा प्रयोग बंद पेटीत झाला होता. घरातल्या साध्या वायुवीजनाची, म्हणजे हवा खेळती राहण्याची, बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असा हिशेब 2019 साली मांडला गेला.

राहिले एकवीस दिवस. इसब मुळातच कमी-जास्त होत राहतो; पौषातल्या कोरड्या थंडीत, वर बंबाचं कढत पाणी घेतलं की उसळतो, मग आपसूक निवतो. उसळल्यावर सुरू केलेला कुठलाही उपाय त्यामुळं लागू पडल्यासारखा वाटतो. दरम्यान चट्ट्यांतून पाणी आलं, पिवळी खपली धरली, अंगात ताप भरला तर जंतू शिरल्याची शक्यता असते. तेव्हा दिवस मोजत बसू नका, मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.