बाग साफ करायला माणसं जमली, तर कुदळ आधी बाजूला ठेवा

पडीक झालेली सामायिक बाग पुन्हा उभी करायची म्हटलं की हौसेनं वीस-तीस माणसं जमतात आणि दोन तासांत सगळी जागा खणून मोकळी होतात. महिनाभरात लव्हाळा, म्हणजे जमिनीखालच्या गाठींतून फुटणारं चिवट तण, पहिल्यापेक्षा दाट उगवतो आणि लोकांचा धीर सुटतो. मेहनत कुठेच कमी पडलेली नसते, म्हणूनच याचं फार वाईट वाटतं.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. घाव बसला की माळ तुटते आणि आतापर्यंत निपचित असलेल्या गाठीही फुटतात. हरळी या पसरणाऱ्या गवताचा तर पेर असलेला बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पुरतो. रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उलथणारं यंत्र, फिरवणं म्हणजे हे तुकडे वाफाभर पेरणंच. त्याऐवजी दातेरी काटा उभा रोवून ढेकूळ उचलायचं, हातानं माती झटकायची आणि मूळ अख्खं ओढायचं. काढलेल्या गाठी खताच्या ढिगात टाकू नका. फरशीवर पातळ पसरून कडक उन्हात पार खुळखुळीत वाळू द्या.

माती ओली असेल तर त्या दिवशी वाफ्याला हातच लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मूठभर माती दाबा. बोटानं टोचल्यावर गोळा फुटला तर काम करा. नुसता खळगा पडला तर थांबा. ओल्या मातीवर इतकी पावलं पडली की ती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही.

म्हणून सगळ्यात आधी सुतळी आणि खुंट्या. वाफा 1.2 मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो. वाट 45 ते 60 सेंटीमीटर. वाफ्यात पाय नाही, हे प्रत्येकाला सांगायचं.

पालापाचोळा जाळू नका, तोच पुढे लागतो. ढीग किमान 1 मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर तापत नाही. ओल्या हिरव्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घाला. वास मारू लागला तर सुका पाला कमी पडला समजा. उरलेला पाला 5 ते 8 सेंटीमीटर आच्छादनाला वापरा, पण झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजते. पुठ्ठे अंथरून साधं गवत मरतं, लव्हाळा मात्र पुठ्ठा भोसकून वर येतो.

एका रविवारी तीस माणसं येण्यापेक्षा सहा माणसं दर पंधरा दिवसांनी आलेली मला हवीत. कोंब चार-पाच पानांचा व्हायच्या आत उपटला तर खालची गाठ रिकामी होत जाते आणि नवी गाठ धरायला त्याला सवडच मिळत नाही.