म्हणे पीएचडी म्हणजे स्वतःची रडकथा!

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "अपंगत्व हा डॉक्टरांचा विषय, डिसॅबिलिटी स्टडीजमधली (म्हणजे समाजाच्या अंगाने अपंगत्वाचा अभ्यास करणाऱ्या विषयातली) पीएचडी म्हणजे स्वतःची रडकथा टाइप करा न् डिग्री घ्या, आणि अपंगांनीच अपंगांवर संशोधन केलं तर ते निष्पक्ष कसं?" तिन्ही मुद्दे घेऊ एकेक करून.

एक, डॉक्टरांचा विषय. 1980 च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी सर्व्हेत एक प्रश्न होता, वस्तू धरायला, पकडायला, फिरवायला तुम्हाला त्रास होतो तो कुठल्या दुखण्यामुळे? माइक ऑलिव्हर, स्वतः व्हीलचेअरवर असलेले समाजशास्त्रज्ञ, त्यांनी 1990 मध्ये तो उलटा करून दाखवला: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या डिझाइनमधल्या कुठल्या दोषामुळे त्रास होतो? हात तोच, झाकण तेच, पण पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारा दवाखान्याकडे बघतो आणि दुसऱ्याला देणारा बरणी बनवणाऱ्याकडे. आता सांगा, हे कुठल्या एक्स-रेत दिसणार होतं? आणि प्रश्नच चुकला असेल तर लाखो लोकांचा डेटा गोळा करून तरी काय, चुकीचंच उत्तर जास्त पक्कं होणार ना.

दोन, रडकथा. काही प्रबंध तसे असतात, खोटं कशाला बोला, अर्ध्यात कंटाळा येतो. पण कुठल्या विषयात नसतात? मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांचं अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचं काम बघा, तिथल्या चिलमार्क गावात 19 व्या शतकात दर 25 माणसांमागे साधारण एक जण जन्मतः बहिरा, आणि ऐकू येणारेही सगळे खाणाखुणांची भाषा बोलायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी आणि जुनी दप्तरं ताडून काढलेलं हे सगळं, यात रडकथा कुठंय?

तीन, निष्पक्षपणा. ह्याचंच मला सगळ्यात हसू येतं. 1962 मध्ये इंग्लंडमधल्या ली कोर्ट या अपंगांच्या निवासी संस्थेतल्या रहिवाशांनी स्वतःहून संशोधक बोलावले, कारण त्यांना आपल्या जगण्याचा ताबा आपल्याकडे हवा होता. आले 'तटस्थ' तज्ज्ञ. 1972 ला निष्कर्ष छापले, तर सल्ला काय, संस्था जरा शहाणपणाने चालवा! रहिवाशांची मूळ मागणी राहिली बाजूलाच. तिथेच राहिलेले पॉल हंट इतके भडकले की त्यांनी एका लेखात त्या संशोधकांना सरळ बांडगुळं म्हटलं, आणि तो लेख छापून आला 1981 मध्ये, ते वारल्यावर.